घरच्या गिटारसाठी परवडणारे स्टुडिओ मॉनिटर: आधी खोली, मग स्पीकर

गिटारसाठी स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे आवाज न फुगवता जसाच्या तसा ऐकवणारे स्पीकर, घ्यायचे म्हटलं की चर्चा इंचांपासून, म्हणजे स्पीकरच्या पडद्याच्या मापापासून सुरू होते. साडेतीन इंची घ्यावेत, पाच इंची की आठ इंची? उत्तरही ठरलेलं असतं: बजेटमध्ये बसतील तेवढे मोठे घ्या. मला हा सल्ला पटत नाही. गिटार वाजवणाऱ्याने आधी खोलीचं माप घ्यावं, मग मॉनिटरला गिटार कुठून जोडणार ते ठरवावं आणि इंचांकडे त्यानंतर यावं. हा क्रम पाळला तर १२-१५ हजारांच्या जोडीवरही विश्वासाने काम करता येतं. क्रम उलटा झाला तर ४० हजारांची जोडीही रोज चुकीचंच ऐकवते.

मी असं धरून चाललोय की तुमच्याकडे इलेक्ट्रिक किंवा पिकअपवाली अकूस्टिक गिटार आहे, सोबत गिटारचा इफेक्ट प्रोसेसर नाहीतर लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा-आणणारा डबा) आहे. जागा म्हणजे फ्लॅटमधली एक खोली, बहुधा बेडरूमच, आणि भिंतीपलीकडे शेजारी.

मॉनिटर कोणी घेऊ नयेत

हॉस्टेलवर किंवा शेअरिंगच्या खोलीत राहत असाल, घरात तान्हं बाळ असेल किंवा वाजवायला वेळ रात्री दहानंतरच मिळत असेल, तर आत्ता मॉनिटर घेऊ नका. त्याच पैशांत चांगला हेडफोन येतो आणि तो खोलीच्या कुठल्याही दोषाशिवाय गिटार ऐकवतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे. क्लीन टोनवर हळू वाजवलेली गिटारसुद्धा खोलीत ही मर्यादा सहज ओलांडते. सोसायटीत वाद ओढवून घेण्यापेक्षा हेडफोन बरा.

फक्त मित्रांसोबत बसून वाजवायचं असेल, रेकॉर्डिंग करायचंच नसेल, तर छोटा प्रॅक्टिस अँप स्वस्त पडतो आणि हाताला जास्त आनंद देतो. मॉनिटर कामाचे तेव्हा, जेव्हा तुम्ही टोन बनवता, रेकॉर्ड करता, बॅकिंग ट्रॅकवर वाजवता आणि आपलं वाजवलेलं परत ऐकून सुधारू पाहता.

होम थिएटर किंवा ब्लूटूथ स्पीकर या कामाला चालत नाही. त्यांचा बेस आणि ट्रेबल मुद्दाम फुगवलेला असतो, त्यामुळे त्यांवर बनवलेला टोन दुसरीकडे पोकळ वाजतो. ब्लूटूथमध्ये शिवाय शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर असतो. तार छेडल्यावर आवाज इतका मागे राहिला की ताल धरताच येत नाही. मॉनिटरला ब्लूटूथ असेल तर ते गाणी ऐकायला ठेवा, गिटार कायम वायरनेच जोडा.

खोली मोजा

मेजरिंग टेप घ्या आणि खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये लिहून काढा. आपल्याकडच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरायला हरकत नाही. ३४५ ला लांबीच्या दुपटीने भागलं की त्या दिशेला खोली ज्या कंपनसंख्येवर पहिल्यांदा घुमते ती मिळते. तिची दुप्पट केली की दुसरी. रुंदी आणि उंचीसाठीही हाच हिशोब.

१० फूट म्हणजे ३.०५ मीटर. उत्तर येतं ५७ हर्ट्झ आणि ११३ हर्ट्झ. आता गिटारकडे बघा. मोकळ्या पाचव्या तारेचा ए ११० हर्ट्झचा असतो. म्हणजे १० फुटी खोली बरोबर तुमच्या ए कॉर्डच्या मुळाशी घुमते. खोली ११ फुटी असेल तर दुसरा आकडा १०३ च्या आसपास येतो, म्हणजे सहाव्या तारेवरचा चौथा फ्रेट, जी शार्प. १२ फुटी असेल तर ९४, म्हणजे दुसऱ्या फ्रेटवरच्या एफ शार्पच्या जवळ.

आपल्या शहरांत १० बाय १० ची बेडरूम सर्रास असते आणि छतही साडेनऊ-दहा फुटांवर. अशा खोलीत तिन्ही दिशा एकाच सुरावर घुमतात. त्यात आपल्या भिंती विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या, खाली टाइल्स. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती बऱ्याचदा जिप्समच्या पातळ पत्र्यांच्या असतात, त्या बेसबरोबर थोड्या हलतात आणि बराचसा बेस पलीकडे सोडून देतात. आपली भिंत तो सगळा परत खोलीत फेकते. म्हणून तिकडच्या व्हिडिओंमध्ये ‘छोट्या खोलीला ८ इंची चालतो’ असं ऐकलंत, तरी ती खोली तुमची नव्हे हे लक्षात ठेवा.

कागदावरचा हिशोब पटत नसेल तर गिटारवर ऐका. आत्ता जे स्पीकर असतील ते लावा, जिथे बसून वाजवणार तिथे बसा आणि क्लीन टोनवर सहाव्या तारेचे सूर मोकळ्या तारेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक करून, सारख्या जोराने वाजवा. ८२ ते १६५ हर्ट्झपर्यंतचा पट्टा यात येतो. एखादा सूर अंगावर येईल, शेजारचा एखादा गायब होईल. अंगावर येणारे आणि हरवणारे फ्रेट लिहून ठेवा. खुर्ची दोन फूट पुढे-मागे सरकवून हेच परत केलंत की यादी बदलते. खोली तुमच्या टोनमध्ये किती ढवळाढवळ करते ते यापेक्षा स्पष्ट दुसऱ्या कशाने कळत नाही. मॉनिटर आल्यावर हीच चाचणी पुन्हा करायची आहे, तेव्हा कागद जपून ठेवा.

अकूस्टिक रेकॉर्ड करणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो. मोठ्या अंगाच्या अकूस्टिक गिटारची पोकळी स्वतःच १०० हर्ट्झच्या आसपास गुंजते. त्यात खोलीही १०३ किंवा ११३ ला घुमली की रेकॉर्डिंग ऐकताना बेस भयंकर वाटतो. मग इक्वलायझरवर तो पट्टा कापला जातो आणि तेच रेकॉर्डिंग गाडीत ऐकलं की गिटार हडकुळी वाजते.

गिटार मॉनिटरपर्यंत येणार कशी

गिटारची केबल सरळ मॉनिटरच्या मागे खुपसली तर आवाज येतो, पण मेलेला. साध्या पिकअपला पुढच्या यंत्राचा इनपुट इंपिडन्स (विजेच्या संकेताला होणारा विरोध) मोठा, साधारण १० लाख ओमचा, लागतो. मॉनिटरचा लाइन इनपुट असतो काही हजार ओमचा. वरची चमक तिथेच जाते. म्हणून मध्ये प्रोसेसर हवा किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ असं लिहिलेला इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस.

दुसरी गोष्ट डिस्टॉर्शनवाल्यांसाठी. गिटार अँपचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही. डिस्टॉर्शनची वरची किरकिर तो स्पीकरच गाळून टाकतो आणि आपण त्या गाळलेल्या आवाजालाच गिटारचा टोन म्हणतो. मॉनिटर मात्र २० हजारांपर्यंत सगळं ऐकवतो. त्यामुळे कॅबिनेट सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरची नक्कल) बंद ठेवून डिस्टॉर्शन मॉनिटरवर सोडलं की डब्यात माश्या घोंगावल्यासारखा आवाज येतो आणि लोक मॉनिटर परत करायला निघतात. प्रोसेसरमध्ये कॅब ब्लॉक किंवा आयआर (इंपल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल) चालू आहे ना ते पाहा. बऱ्याच प्रोसेसरमध्ये आउटपुट कुठे जोडलंय याची सेटिंग असते, ती अँपवरून काढून लाइनवर ठेवा. लॅपटॉपवर वाजवत असाल तर न्यूरल अँप मॉडेलर हे अँपची नक्कल करणारं मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरेसं आहे, फक्त त्याच्यानंतर कॅबचा आयआर जोडायला विसरू नका. एवढं करूनही वरचा भाग टोचला तर ७-८ हजार हर्ट्झच्या वर हाय कट (वरचा आवाज कापणारा फिल्टर) लावा.

लॅपटॉपच्या उशिराची भीती वाटते तितकी खरी नाही. लॅपटॉप आवाज थोडा-थोडा साठवून पुढे सोडतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सँपलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंद. जाऊन-येऊन आणि ड्रायव्हरचं धरून दहाच्या आसपास येतात. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे अँपपासून साडेतीन मीटर दूर उभं राहून वाजवण्याइतकाच हा उशीर. विंडोजवर मात्र इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवणारा) टाकलाच पाहिजे.

इंच आणि आकडे

गिटारचा सगळ्यात खालचा सूर ८२ हर्ट्झ. ड्रॉप डी केलं तर ७३, सात तारांच्या गिटारचा बी ६२. तुमचं निम्म्याहून अधिक काम त्याच्या वर, २०० पासून ५ हजारांपर्यंतच्या मिडमध्ये, म्हणजे मधल्या पट्ट्यात चालतं. कॉर्डमधले सूर वेगळे ऐकू येणं, पिकचा आघात, डिस्टॉर्शनचा पोत, सोलो मिक्समध्ये पुढे येतो की बुडतो, हे सगळं तिथे ठरतं. गिटारवाल्याने मॉनिटरला मिडवरून जोखावं. छातीत धडधडणारा बेस दुकानात छान वाटतो, घरी त्याचा उपयोग नसतो.

५ इंची मॉनिटर या हिशोबात पुरेसा आहे. उदाहरण म्हणून यामाहा एचएस५ घ्या. कंपनी त्याची पट्टी ५४ हर्ट्झपासून सांगते, पण ती १० डेसिबल पडल्यावरची आहे. ३ डेसिबल पडण्याची मर्यादा ७४ हर्ट्झ. म्हणजे साध्या ट्यूनिंगची गिटार त्यात पूर्ण बसते. हाच फरक जाहिरात वाचताना शोधा: आकड्यापुढे ‘उणे ३’ आहे, ‘उणे १०’ आहे की काहीच नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या.

३-४ इंची स्पीकरमध्ये सहाव्या तारेचा मूळ सूर अशक्त येतो, पण त्याचे १६५, २४७ हर्ट्झवरचे वरचे स्वर नीट आले की कान मूळ सूर भरून काढतो. छोट्या खोलीत हे पथ्यावरच पडतं, कारण जो बेस खोलीला झेपत नाही तो स्पीकर देतच नाही. बेस गिटार किंवा ड्रम्सचं मिक्सिंग करणार असाल तर मात्र हे पुरत नाही. बेसची मोकळी ई ४१ हर्ट्झची असते.

माझी विभागणी अशी: १० बाय १० पर्यंतच्या खोलीत साडेतीन-चार इंची, फार तर ५. १० बाय १२ किंवा १२ बाय १४ असेल तर ५ इंची, फार तर साडेसहा. ८ इंची हॉलमध्ये, आणि तोही हॉलला पडदे-सोफे असतील तरच.

वॉटचं फार मनावर घेऊ नका. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि तुम्ही बसणार आहात एका मीटरवर. २० वॉटही पुरतात.

पोर्ट कुठे आहे ते मात्र बघा. स्पीकरच्या खोक्याला हवा जायला भोक असतं, पुढे किंवा मागे. मागे पोर्ट असलेला स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवता येत नाही, मागे किमान १० सेंटिमीटर जागा सोडावी लागते. टेबल भिंतीला टेकलेलं असेल आणि जागाच नसेल तर पुढचा पोर्ट घ्या.

कोणते घ्यावेत

किमती सारख्या हलतात, म्हणून ढोबळ गट सांगतो. आणि एक खबरदारी आधी: ५ इंची मॉनिटर बरेचदा एका नगाच्या किमतीने विकले जातात, छोटे मात्र जोडीने. वेबसाइटवरचा आकडा जोडीचा आहे की नगाचा, हे तपासल्याशिवाय तुलना करू नका.

१०-१५ हजारांच्या गटात एडिफायर एमआर४, प्रिसोनस एरिस ३.५ आणि मॅकी सीआर३-एक्स अशा जोड्या येतात. यांत अँप एकाच स्पीकरमध्ये असतो आणि दुसरा साध्या वायरने त्याला जोडतात. पुढेच आवाजाचं बटण आणि हेडफोनची जागा असते. रोजच्या सरावाला ही सोय फार मोलाची आहे, कारण फोन आला की हात पुढे करून आवाज कमी करता येतो. मी यांतून एमआर४ निवडतो. त्याला बॅलन्स्ड इनपुट (वायरमध्ये शिरणारी घरघर रद्द करणारे) आहेत आणि ४ इंची वूफरमुळे (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) गिटारच्या खालच्या मिडला अंग मिळतं. फक्त तो मॉनिटर मोडवर ठेवा, म्युझिक मोड गाणी ऐकण्यासाठी आहे.

जोडीला ३०-४० हजार खर्च करणार असाल तर यामाहा एचएस५, जेबीएल ३०५पी मार्क टू, अ‍ॅडम टी५व्ही, केआरके रोकिट ५ आणि काली एलपी-६ यांतून निवड होते. एचएस५ मिड उघडा करून दाखवतो. कर्कश डिस्टॉर्शन त्यावर कर्कशच वाजतं, बेसही मोजकाच. टोन बनवणाऱ्याला हा कठोरपणा उपयोगी पडतो, म्हणून गिटारसाठी माझी पहिली पसंती याला. जेबीएलचं वैशिष्ट्य त्याच्या ट्वीटरभोवतीच्या (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) खोलगट आकारात आहे. बसल्या जागेवरून थोडं हललं तरी आवाज फारसा बदलत नाही, आणि गिटार घेऊन बसणारा माणूस एका जागी बसत नाहीच. शांत खोलीत जवळ बसल्यावर त्याचा बारीक हिस (सततचा सूं आवाज) ऐकू येतो, तो तुम्हाला खटकतो का ते दुकानात पाहा. टी५व्हीचा रिबन जातीचा ट्वीटर वरचा तपशील स्वच्छ दाखवतो, अकूस्टिकवाल्यांना तो आवडेल. काली एलपी-६ साडेसहा इंची आहे, पण त्याचा पोर्ट पुढे आहे, आणि स्पीकर भिंतीजवळ किंवा टेबलावर ठेवला तर आवाज जुळवायला मागच्या बाजूला छोटे स्विच आहेत. खोली १२ फुटांची असेल तर त्याचा जरूर विचार करा.

भारतीय बनावटीचं हवं असेल तर कोलकात्याची सोनोडाइन स्टुडिओ मॉनिटर बनवते. सर्व्हिस देशातच मिळणं ही मोठी गोष्ट आहे. परदेशातून नातेवाईक येणार म्हणून तिकडून मागवायचं असेल तर मागच्या बाजूला छापलेलं व्होल्टेज आधी वाचायला सांगा. १२० व्होल्टचा स्पीकर आपल्या २३० व्होल्टवर लावला की जळतो.

सेकंड हँड घ्यायला हरकत नाही. ट्वीटर दाबलेला नसावा, वूफरभोवतीची रबरी कडा बोटाने हलके दाबून चिरा बघाव्यात, मागच्या स्क्रू आणि जॅकवर गंज बघावा. मुंबई, कोकण, गोव्यातल्या दमट हवेत राहिलेल्या स्पीकरमध्ये हा गंज पहिली खूण देतो. दोन्ही स्पीकर एकाच पिढीचे हवेत. जुना एक आणि नवा एक अशी जोडी दोन्ही कानांना वेगळं ऐकवते.

दुकानात काय ऐकायचं

मुंबईत धोबी तलावावर फुर्टाडोजसारख्या दुकानांत ऐकून घेण्याची सोय असते, इतर शहरांतही मोठ्या वाद्यांच्या दुकानांत विचारा. जाताना पेनड्राइव्हवर तीन गोष्टी न्या: स्वतःच्या गिटारचं क्लीन रेकॉर्डिंग, स्वतःचं डिस्टॉर्शनचं रेकॉर्डिंग, आणि ज्या गाण्याचा कानाकोपरा तुम्हाला पाठ आहे असं एक गाणं.

आवाज मुद्दाम कमी ठेवा, बोलण्याच्या पातळीवर. दुकानदार वाढवेल, तुम्ही परत कमी करा. थोडासा जास्त मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच चांगला वाटतो, म्हणून दोन मॉडेल ताडून पाहताना आवाज फोनवरच्या डेसिबल अ‍ॅपने सारखा करून घ्या. मग ऐका: कमी आवाजात सहा तारांची कॉर्ड एक गोळा वाटते की सूर सुटे होतात? पाम म्यूटमध्ये पिकचा ठोका ऐकू येतो का? मोनो रेकॉर्डिंग दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभं राहतं की पसरतं? शेवटी गाणं थांबवून ट्वीटरला कान लावा आणि हिस ऐका. बेसबद्दल दुकानात काहीच ठरवू नका, कारण तो बेस त्यांच्या खोलीचा आहे.

मांडणी

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि इथे खर्च जवळजवळ नाही. आयताकृती खोली असेल तर तोंड लहान भिंतीकडे करून बसा आणि डावी-उजवी भिंत दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर ठेवा. कानांची जागा समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांच्या आसपास धरून सुरुवात करा. १२ फुटी खोलीत हे साडेचार फूट. बरोबर मध्यावर आणि मागच्या भिंतीला टेकून बसणं टाळा. बेडवर बसून, पाठ भिंतीला लावून वाजवण्याची सवय अनेकांना असते. तिथे बेस सगळ्यात जास्त साचतो.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, बाजू ९० सेंटिमीटर ते १ मीटर. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. खुर्चीत बसल्यावर कान साधारण ११०-१२० सेंटिमीटरवर असतात आणि टेबल ७५ चं, त्यामुळे टेबलावर नुसता ठेवलेला स्पीकर छातीकडे बघून वाजतो. खाली स्टँड द्या, निदान तिरका फोम पॅड तरी द्याच. पॅडमुळे टेबल थरथरणंही कमी होतं.

आता स्पीकरच्या मागच्या, म्हणजे तुमच्या समोरच्या भिंतीचं अंतर. स्पीकरमधून निघालेला बेस त्या भिंतीवर आपटून परत येतो आणि एका कंपनसंख्येला मूळ आवाज खोडून टाकतो. ३४५ ला भिंतीपासून स्पीकरच्या तोंडापर्यंतच्या अंतराच्या चौपटीने भागा. अंतर १ मीटर असेल तर खड्डा ८६ हर्ट्झला, गिटारच्या खालच्या ई-एफच्या जागी. ६० सेंटिमीटर असेल तर १४४ ला, म्हणजे मोकळ्या चौथ्या तारेच्या डी पाशी. ३२ सेंटिमीटर असेल तर २७० ला. ‘स्पीकर भिंतीपासून लांब ठेवा’ हा सल्ला म्हणूनच लहान खोलीत उलटा पडतो. दीड-दोन मीटर सोडायला जागा नसेल तर सरळ भिंतीजवळ आणा, मागे १० सेंटिमीटर सोडून. खड्डा वर सरकतो आणि तिथे मागे लावलेल्या जाड रॉकवूलने (दगडी तंतूंचा इन्सुलेशनचा माल) तो आटोक्यात येतो. भिंतीजवळ आल्याने बेस फुगतो, तो मॉनिटरच्या मागच्या स्विचने उतरवा. एचएस५ वर ‘रूम कंट्रोल’ म्हणून उणे २ आणि उणे ४ असा स्विच असतो, इतरांवरही वेगळ्या नावाने सापडतो.

हे झालं की मघाची फ्रेटची चाचणी पुन्हा करा. खुर्ची आणि स्पीकर वीत-वीत सरकवत राहा. कागदावरची यादी छोटी होत गेली म्हणजे जमतंय.

खोलीला थोडं मऊ करा

अंड्यांचे ट्रे लावू नका. बेसवर त्यांचा परिणाम शून्य आणि आग लागली तर धोका. एक इंची फोमही फक्त वरची चमक शोषतो, घुमणं तसंच राहतं आणि खोली कोंदट वाजायला लागते. गोधडी किंवा जाड पडदा बाजूच्या भिंतींवरचा पहिला परावर्तित आवाज थोडा मऊ करतो. त्याची जागा शोधायला घरातल्या कुणाला तरी भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. खुर्चीत बसून जिथे आरशात ट्वीटर दिसेल तिथे लावा.

बेससाठी जाडीच लागते. कापडात गुंडाळलेले १० सेंटिमीटर जाडीचे रॉकवूलचे पॅनेल कोपऱ्यांत उभे करा. बांधकाम-इन्सुलेशनचा माल विकणाऱ्यांकडे स्लॅब मिळतात आणि सुताराकडून चौकट करून घेता येते. तंतू उडतात, म्हणून हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला. तेवढा खर्च आत्ता नको असेल तर कापसाची जाड गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी करा. पलंग, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, पुस्तकांची मांडणी यांचीही मदत होते. बेडरूम स्टुडिओसाठी वाईट नाही, रिकाम्या खोलीपेक्षा ती कितीतरी बरी.

वायर आणि वीज

इंटरफेसच्या दोन लाइन आउटमधून दोन मॉनिटरांना बॅलन्स्ड वायर घ्या: दोन्हीकडे टीआरएस (तीन संपर्कांचा पाव इंची जॅक) किंवा एका बाजूला एक्सएलआर (तीन पिनांचा गोल प्लग). गिटारची केबल इथे वापरू नका, तिला बॅलन्सची तिसरी तार नसते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हव्या त्या लांबीच्या वायर करून मिळतात. काही स्वस्त इंटरफेसना नुसते आरसीए आउट (टीव्हीला असतात तसे, बॅलन्स्ड नसलेले) असतात. मॉनिटर घेण्याआधी ते तपासा.

हम, म्हणजे विजेचा सततचा घूं आवाज, आला तर शोधायची एक पद्धत आहे. गिटारचा आवाज शून्य केला तरी हम राहतो का? राहत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. दोन पिनी चार्जरमुळे किंवा घरात अर्थिंग नीट नसल्यामुळे हे होतं, कधी तारांना हात लावल्यावर झिणझिण्याही येतात. तसं होत असेल तर वाजवणं थांबवून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकणं जिवावर बेतू शकतं. इंटरफेस, लॅपटॉप आणि दोन्ही मॉनिटर एकाच बोर्डावर लावा.

गिटारचा आवाज वाढवल्यावरच घरघर येत असेल तर ती पिकअपमधून येतेय. सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपच्या गिटारला पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर फार त्रास देतो. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद करून बघा, फरक पडला तर कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवून घ्या. इन्व्हर्टरवर असताना रेकॉर्डिंग करू नका. आणि गिटार थोडी वळवून बसा, पिकअप मॉनिटर आणि लॅपटॉपकडे सरळ तोंड करून असले की घरघर वाढते.

आवाज किती ठेवायचा

कानाला कमी आवाजात बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. गिटारवाल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: घरी हळू आवाजात बनवलेल्या प्रीसेटमध्ये (जतन केलेल्या टोनच्या सेटिंगमध्ये) नकळत बेस आणि ट्रेबल जास्त घातला जातो, आणि गॅदरिंगला किंवा ऑर्केस्ट्रात मोठ्या सिस्टिमवर तोच प्रीसेट खाली घुमतो आणि वर टोचतो, मधली गिटार सापडत नाही. म्हणून टोन बनवताना एक पातळी ठरवून घ्या. लहान खोलीत ७० ते ७५ डेसिबल योग्य. पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खरखराट) लावा, एका वेळी एकच मॉनिटर चालू ठेवून फोनच्या अ‍ॅपने बसल्या जागी मोजा, दोन्ही सारखे करा आणि इंटरफेसच्या बटणाशी टेपचा तुकडा चिकटवून खूण करा. सराव कितीही हळू करा, पण प्रीसेट पक्का करताना बटण त्या खुणेवर हवं. स्टेजसाठीचा प्रीसेट असेल तर तो थोडा वेळ मोठ्या आवाजात ऐकूनच जतन करा. हे दुपारी करा, शेजाऱ्यांना सांगून.

माइक लावून अकूस्टिक रेकॉर्ड करताना मॉनिटर बंद आणि हेडफोन चालू. रेकॉर्डिंग झाल्यावर फोनच्या स्पीकरवरही एकदा ऐका. तिथे बेस नसतोच, त्यामुळे मिड बरोबर बसलाय का ते लगेच कळतं.

पावसाळा आणि लाइट

चालू करताना आधी इंटरफेस, शेवटी मॉनिटर. बंद करताना आधी मॉनिटर. उलटं केलं की स्पीकरमधून धप्प आवाज येतो आणि रोजच्या धपक्याने वूफर आणि ट्वीटर दोघांनाही मार बसतो. लाइट गेली की मॉनिटरांचे स्विच बंद करून ठेवा, कारण परत येताना झटका येतो. सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड घेतलेला बरा.

पावसाळ्यात मॉनिटर आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू ठेवा. आतल्या उष्णतेने ओल धरत नाही आणि जॅक गंजत नाहीत. वापर नसताना वरून सुती कापड टाका. प्लास्टिकचं कव्हर नको, आत दमटपणा कोंडतो. खिडकीतून पावसाचा शिंतोडा येत असेल तर टेबलाची जागा बदला, पण मग फ्रेटची चाचणी पुन्हा करावी लागेल.